कवटीत वंश सापडला नाही : इरावती कर्वे यांचे संशोधन आणि आपण

कोथरूडचा कर्वे पुतळा पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पुतळा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. त्यांच्या हिंगण्याच्या संस्थेमुळे शेजारच्या भागाला कर्वेनगर हे नाव मिळाले. याच घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाईंना बहुतेक वाचक ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतात. पण त्या मुळात मानवशास्त्रज्ञ होत्या. माणसाचे शरीर, हाडे, रक्त आणि नातेसंबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग तरी माहीत असायला हवा.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. त्या बौद्ध देशातल्या इरावती नदीचे नाव मुलीला मिळाले. शिक्षणासाठी लहानपणीच त्यांना पुण्याला पाठवले. हुजूरपागा शाळा, रँग्लर परांजपे यांचे घर आणि फर्ग्युसन कॉलेज अशी त्यांची जडणघडण झाली. 1926 मध्ये पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. त्यांचे पती दिनकर कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सुनेने एकटीने परदेशी जाणे सासऱ्यांना पसंत नव्हते, पण पती पाठीशी उभे राहिले आणि 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधील 149 कवट्या

बर्लिनमध्ये त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. 1927 मध्ये स्थापन झालेल्या मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्थेचे ते संचालक होते. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केले होते. गोरा युरोपीय माणूस जन्मानेच श्रेष्ठ आहे, असे ते मानत. संस्थेच्या संग्रहात वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या.

फिशर यांचा तर्क असा होता की, गोऱ्या माणसाचा मेंदू अधिक विकसित असल्यामुळे त्याच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू असमान असते, आणि इतर वंशांत हा फरक कमी दिसतो. हे तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. निष्कर्ष निघाला की कवटीच्या असमानतेचा वंशाशी काहीही संबंध नाही. पंचविशीच्या आत-बाहेरची, गुलाम देशातून आलेली ही विद्यार्थिनी आपल्याच मार्गदर्शकाचा सिद्धान्त पुराव्याने खोटा ठरवत होती, आणि तोही त्याच्याच संस्थेत बसून.

पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशद्वेषी धोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. कवटीच्या मोजमापातून सुरू झालेली वाट छळछावण्यांपर्यंत गेली.

पुण्यात परतल्यावर

1939 पासून इरावतीबाई डेक्कन कॉलेजमध्ये होत्या. रेल्वे, एसटी आणि बैलगाडीने त्या गावोगाव फिरल्या. वेगवेगळ्या जातींतील लोकांची उंची, डोके, नाक यांची मोजमापे त्यांनी घेतली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातमधील लांघणज येथे सापडलेल्या अश्मयुगीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातील शरीरमापनाचे काम त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासोबत प्रसिद्ध केले.

या मोजमापांतून आणि पुढच्या अभ्यासातून त्यांचे एक मत पक्के झाले. ज्याला आपण सरसकट ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुणबी’ म्हणतो, तो एका रक्ताचा गट नाही. चित्पावन आणि देशस्थ यांचे वर्णाचे नाव एक असले, तरी शरीराने ते एका मुळाचे दिसत नाहीत. जात हा आपसात लग्न करणाऱ्या नातेवाइकांचा गट आहे आणि वर्ण ही वरून चिकटवलेली पाटी आहे.

इथे बाबासाहेबांची आठवण होणारच. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितले होते की, जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये जात म्हणजे वंश हा दावा त्यांनी फेटाळला. 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना तर इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांचीच नाकाची मोजमापे वापरून त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवले.

मर्यादाही पाहू

इरावतीबाईंना आपल्या चळवळीत ओढून बसवण्याचे कारण नाही. त्या जातिअंताच्या कार्यकर्त्या नव्हत्या. पंढरीच्या वारीत जातवार वेगळ्या पंगती बसतात हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. पण त्यांच्या शास्त्राने जातीची मोजणी केली, जातीच्या अन्यायाची नाही. शिवाय जाती शरीराने वेगळ्या आहेत हे म्हणणे दुधारी आहे. ज्यांना जात निसर्गदत्त ठरवायची आहे, ते त्याचा गैरवापर करू शकतात. म्हणून फरक कशामुळे पडला हे सांगितलेच पाहिजे. तो लग्नाच्या कुंपणामुळे पडला, आणि कुंपण माणसाने घातले आहे.

आजचे जनुकशास्त्र हेच सांगते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातल्या लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. त्यानंतर आपसातली लग्ने रूढ झाली आणि सरमिसळ थांबली. म्हणजे आधी माणसे एकत्र आली, भिंती नंतर उभ्या राहिल्या.

तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हीच परीक्षा घेतली आहे. गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जन्माने वेगळेपणाच्या खुणा दिसतात. माणसाच्या केसांत, डोक्यात, कानांत, डोळ्यांत तशी खूण सापडत नाही. माणसांतला भेद केवळ नावापुरता आहे. इरावतीबाईंनी अडीच हजार वर्षांनी मोजपट्टी घेऊन डोकी मोजली, तेव्हा श्रेष्ठत्वाची खूण त्यांनाही मिळाली नाही.

11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाई गेल्या. पण रक्ताच्या आणि वंशाच्या शुद्धतेची भाषा गेलेली नाही. ती आता मोबाइलवरच्या संदेशांत, विवाह मंडळांच्या जाहिरातींत आणि डीएनए चाचणीच्या दाव्यांत भेटते. अशा वेळी रागावून गप्प बसू नका. पुरावा मागा, वाचा, तपासा. आणि आपल्या घरातल्या लग्नाची बोलणी निघतील, तेव्हा पोटजात विचारणाऱ्यालाही हाच प्रश्न करा. कुंपण तिथेच आहे.