मालेगाव तालुक्यातला गुराखी पोरगा आणि गावोगावची वाचनालये

कंपनीला सुट्टी असली की चाकण, भोसरी, चिखलीच्या आपल्या वस्त्यांतली पोरं बसतात कुठं? चहाच्या टपरीवर, नाहीतर मोबाईल घेऊन उभ्या गाडीवर. एका खोलीत पाच-सहा माणसं राहत असतील तर पुस्तक उघडायला तरी जागा कुठली? हा विषय निघाला की आम्हाला महाराजा सयाजीराव गायकवाड आठवतात.

त्यांचा जन्म १८६३ चा, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा. नाव गोपाळ, घर शेतकऱ्याचं. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि हा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. उशिरा शिकला, पण इल्मची किंमत त्याला कळली.

१९०६ मध्ये त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनाही. पण शाळा सुटल्यावर गावात वाचायलाच काही नसेल, तर शिकलेलं विसरणारच. अमेरिकेत त्यांनी सर्वांसाठी खुली वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये तिथूनच बॉर्डन नावाचे जाणकार बोलावले आणि स्वतःच्या संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तकं लोकांसाठी दिली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगळी सोय होती. जिथं वाचनालय नव्हतं, तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी गावात पडद्यावर चित्रं दाखवली जायची, तीही फुकट. त्यामुळं अडाणी माणूसही चार लोकांत बसून दोन गोष्टी शिकायचा.

राजानं सगळं आयतं मात्र दिलं नाही. गावानं वर्गणी काढायची, मग जिल्ह्यानं आणि सरकारनं आपापला वाटा घालायचा. पैसा गावाचा लागला, म्हणून वाचनालय गावाला आपलं वाटलं. महाराज १९३९ मध्ये वारले, तोवर संस्थानात शेकडो वाचनालयं झाली होती.

आपल्याकडं तर पहिल्या वहीतच वाचण्याचा हुकूम आला. लग्नाच्या मंडपावर, जेवणावळीवर आपण किती खर्च करतो! त्यातला थोडा वाटा काढून मोहल्ल्यात एक खोली, चार टेबलं, रोजची वर्तमानपत्रं आणि परीक्षेची पुस्तकं ठेवता येतील. दुपारी आया-बहिणी मुलांना घेऊन बसतील, रात्री शिफ्टवरून आलेला तरुण अभ्यास करील. शेजारच्या बिगरमुस्लिम घरातली पोरंही येऊ देत. ओळख वाढली की गैरसमज आपोआप कमी होतात.

गुरं राखणारा पोरगा एवढं करू शकला. आपण निदान एका खोलीची सुरुवात करूया, इन्शाअल्लाह.