न्यायनिष्ठ सॉक्रेटिस

प्राचीन ग्रीस देशातील अथेन्स या नगरराज्यात इ. स. पू. ४६९ च्या सुमारास सॉक्रेटिसचा जन्म झाला. त्याचा पिता पाथरवट होता व माता सुइणीचे काम करीत असे. सॉक्रेटिसने सैनिक म्हणून रणांगणावर धैर्य दाखविले. नगरात असताना तो बाजारपेठेत हिंडे आणि लहानथोरांना प्रश्न विचारून सत्याचा शोध घेई. त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे चरित्र आपणांस मुख्यतः प्लेटो व झेनोफोन या त्याच्या शिष्यांच्या लेखनावरून कळते.

अथेन्समध्ये राजा नव्हता. नागरिकांची सभा भरे व बहुमताने ठरेल त्याप्रमाणे राज्यकारभार चाले. स्त्रिया व गुलाम यांना मात्र त्या सभेत स्थान नव्हते. सभेपुढील कामाची तयारी करण्यासाठी पाचशे जणांचे एक मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडीत. त्यांपैकी पन्नास जण आळीपाळीने सभेची व्यवस्था पाहत. इ. स. पू. ४०६ मध्ये सॉक्रेटिस त्या पन्नासांत होता.

त्याच वर्षी अर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने स्पार्टाच्या आरमाराचा पराभव केला. परंतु लढाई संपते न संपते तोच समुद्रात वादळ उठले आणि फुटलेल्या जहाजांवरील खलाशांना वाचविता आले नाही. ही वार्ता कळताच विजयाचा आनंद मावळला. शोकाची काळी वस्त्रे ल्यालेले लोक सभेत आले. त्यांना पाहून जनतेचा क्षोभ अनावर झाला. दोष वादळाचा की सेनापतींचा, हे शांतपणे तपासण्याइतका धीर कोणास उरला नाही. सर्व सेनापतींचा निकाल एकाच मतदानाने लावावा, असा प्रस्ताव पुढे आला. वास्तविक कायद्याप्रमाणे प्रत्येक आरोपीची चौकशी स्वतंत्रपणे व्हावयास हवी होती.

काहींनी या प्रस्तावास विरोध केला. तेव्हा लोकांच्या इच्छेआड येणारे हे कोण, असा एकच गिल्ला झाला. विरोध करणाऱ्यांनाही आरोपींच्या रांगेत बसविण्याची धमकी देण्यात आली. व्यवस्थापकांपैकी इतरांचे धैर्य खचले; त्यांनी मतदानास संमती दिली. एकटा सॉक्रेटिस डगमगला नाही. कायद्याविरुद्ध असलेल्या कोणत्याही गोष्टीस आपण साहाय्य करणार नाही, असे त्याने निक्षून सांगितले. तथापि त्याचे कोणी ऐकले नाही. अखेर बहुमताने सेनापती दोषी ठरले आणि अथेन्सला परतलेल्या सहा जणांना देहान्त शिक्षा झाली. पुढे लोकांचा राग ओसरला व त्यांना पश्चात्ताप झाला. पण गेलेले प्राण परत येणार थोडेच!

इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सचा युद्धात पाडाव झाला व सत्ता तीस जुलमी पुरुषांच्या हाती गेली. त्यांनी एका निरपराध माणसास पकडून आणण्याची आज्ञा सॉक्रेटिसला केली. ती न पाळता तो सरळ घरी निघून गेला. जमावापुढे जो झुकला नाही, तो जुलमी सत्तेपुढेही झुकला नाही.

इ. स. पू. ४०३ मध्ये लोकशाही पुन्हा स्थापन झाली. सभेचा कोणताही ठराव कायद्याहून श्रेष्ठ मानू नये, असा नियम अथेन्सने आता केला. तरीही इ. स. पू. ३९९ मध्ये नगराच्या देवांना न मानणे व तरुणांना बिघडविणे हे आरोप सॉक्रेटिसवर ठेवण्यात आले. सुमारे पाचशे न्यायपंचांनी मते दिली. अवघी तीस मते दुसऱ्या बाजूस पडली असती, तर तो सुटला असता. मित्रांनी तुरुंगातून पळून जाण्याची सिद्धता केली होती. परंतु ज्या कायद्यांच्या छायेत आपण सत्तर वर्षे जगलो, ते संकटसमयी मोडणे त्यास मान्य नव्हते. त्याने शांत चित्ताने विषाचा प्याला घेतला.

लोकशाहीत बहुमताने निर्णय घ्यावे लागतात. परंतु पुष्कळांनी हात वर केले म्हणून अन्याय हा न्याय ठरत नाही. एकट्यादुकट्या माणसाचेही म्हणणे ऐकून घेणारा कायदा जेथे बहुमतावर अंकुश ठेवतो, तेथेच लोकांचे राज्य सुरक्षित राहते.