हृदयाच्या पडद्याला भोक नाही, असे सांगणारे हकीम

रमजान जवळ आला की हृदयविकाराचे रुग्ण दोन ठिकाणी चौकशी करतात. रोजा झेपेल का, हे डॉक्टरांना विचारतात; आणि आजारपणात सुटलेले रोजे पुढे कसे भरून काढायचे, हे मौलानांना. तेराव्या शतकातल्या कैरोत हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारता आले असते. रुग्णालयात ते नामवंत हकीम होते आणि मदरशात शाफई पंथाचा धार्मिक कायदा शिकवत. अलाउद्दीन अली हे त्यांचे नाव. जग त्यांना इब्न अन-नफीस म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कसच्या परिसरात झाला. त्या शहरात सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी बाराव्या शतकात मोठे रुग्णालय उभारले होते. तेथेच नामांकित वैद्य अद-दख्वार यांच्या परंपरेत त्यांचे शिक्षण झाले. त्याच परंपरेतल्या इब्न अबी उसैबिआ यांनी शेकडो वैद्यांची चरित्रे लिहिली, पण त्या प्रसिद्ध ग्रंथाच्या प्रचलित प्रतींत इब्न अन-नफीस यांचे नाव नाही. व्यावसायिक असूया होती की आणखी काही, यावर तर्क पुष्कळ झाले. पुढे ते कैरोला गेले आणि उरलेले आयुष्य तिथलेच झाले. सुलतान बैबर्स यांचे वैद्य म्हणूनही त्यांची नोंद आहे.

१२४२ मध्ये, वयाच्या तिशीच्या आसपास, त्यांनी इब्न सीना यांच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य पूर्ण केले. भाष्यकाराने मूळ ग्रंथ सोपा करून सांगावा, एवढीच साधारण अपेक्षा असते. यांनी मात्र मूळ ग्रंथाचीच झडती घेतली.

दुसऱ्या शतकातले ग्रीक वैद्य गॅलेन यांनी सांगून ठेवले होते की रक्त यकृतात तयार होते, हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्यातील बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून डावीकडे झिरपते. हजार वर्षे हे कोणी नाकारले नाही. खुद्द इब्न सीना यांनीही ते मान्य केले होते. न दिसणारी छिद्रे असल्यावर वाद तरी कसा घालणार? इब्न अन-नफीस यांनी घातला. त्यांचे म्हणणे असे, की हा पडदा जाड आणि घट्ट आहे; त्यात दिसणारी वाट नाही आणि न दिसणारीही नाही. मग रक्त डावीकडे पोहोचते कसे? फुप्फुसांतून.

हा मार्ग नीट समजून घेण्यासारखा आहे. उजव्या कप्प्यातून एक मोठी वाहिनी फुप्फुसांकडे जाते. जुने वैद्य उजव्या बाजूच्या वाहिनीला शीर समजत, पण हिची भिंत रोहिणीसारखी जाड. म्हणून तिला त्यांनी रोहिणीसारखी शीर असे नाव दिले. फुप्फुसांकडून डावीकडे येणाऱ्या वाहिनीचे उलटे. तिची भिंत पातळ, म्हणून ती शिरेसारखी रोहिणी. आज आपण पहिलीला फुप्फुस रोहिणी आणि दुसऱ्या बाजूच्या वाहिन्यांना फुप्फुस शिरा म्हणतो. शाळेत मुले नेमकी इथेच अडखळतात, कारण इतर रोहिण्या शुद्ध रक्त नेतात आणि ही अशुद्ध नेते.

इब्न अन-नफीस यांनी या जाडी-पातळपणातच कारण शोधले. पहिलीची भिंत जाड, म्हणजे तिच्यातून रक्ताचा अगदी पातळ भागच पाझरावा. दुसरीची पातळ, म्हणजे आलेले तिला सहज घेता यावे. मध्ये फुप्फुसात ते हवेत मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात उतरते. या दोन वाहिन्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असल्याच पाहिजेत, हेही त्यांनी लिहिले. त्या वाटा, म्हणजे केशवाहिन्या, इटलीच्या माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या १६६१ मध्ये. शिवाय हृदयाचे पोषण उजव्या कप्प्यातल्या रक्तातून नव्हे, तर हृदयाच्याच अंगात पसरलेल्या वाहिन्यांतून होते, असेही त्यांनी इब्न सीना यांच्या विरोधात मांडले. अँजिओग्राफीत तपासतात त्या याच वाहिन्या.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रमजानमध्ये फिरणाऱ्या संदेशांत रक्ताभिसरणाचा सगळा शोध त्यांच्या नावावर टाकला जातो. ते खरे नाही. त्यांनी सांगितला तो हृदय ते फुप्फुस आणि परत हृदय एवढाच फेरा. संपूर्ण शरीरातले अभिसरण इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले. सर्व्हेटस यांनी १५५३ मध्ये आणि कोलंबो यांनी १५५९ मध्ये फुप्फुसांचा मार्ग लिहिला, तो इब्न अन-नफीस यांच्यावरून घेतला का, याचा पक्का पुरावा नाही. तीन शतके आधी लिहिले, हे पुरेसे मोठे आहे; त्याला फुगवण्याची गरज नाही.

त्यांनी शवविच्छेदन केले होते का? शरियत आणि स्वतःच्या मनातली करुणा यांमुळे आपण ते टाळले, असे ते ग्रंथात सांगतात. तरी काही ठिकाणी विच्छेदनाचा दाखला देऊनच ते जुने मत खोडतात. मला वाटते, प्राण्यांची हृदये त्यांनी नक्की पाहिली असावीत.

लिहिण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. बोरू आधीच तासून ठेवलेले असत, मग संदर्भग्रंथ न उघडता ते भराभर लिहीत जात. एकदा हमामखान्यात अंघोळ चालू असताना नाडीवरचा विषय सुचला, तेव्हा बाहेर येऊन निबंध पुरा केला आणि मगच पुन्हा पाण्यात गेले, अशी आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. ‘अश-शामिल’ या वैद्यककोशाचे ३०० खंड त्यांच्या मनात होते. ८० च्या आसपास पूर्ण झाले.

सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये कैरोत मन्सुरी रुग्णालय बांधले. दमास्कसच्या त्याच नूरी रुग्णालयात आजारी असताना त्यांनी तसा नवस केला होता, असे सांगतात. डिसेंबर १२८८ मध्ये इब्न अन-नफीस आजारी पडले. सहकारी वैद्यांनी औषध म्हणून मद्य सुचवले. पोटात मद्य घेऊन अल्लाहसमोर जाणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि सहा दिवसांच्या आजारानंतर, १७ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. घर आणि सगळी पुस्तके त्यांनी मन्सुरी रुग्णालयाला वक्फ केली, म्हणजे कायमची दान दिली.

मग हा शोध इतकी शतके दडून कसा राहिला? त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक ‘मूजज’, ‘कानून’चा सारांश. भारतातही युनानीचे विद्यार्थी ते आणि त्यावरची टीका पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले. पण सारांश करताना त्यांनी शरीररचनेचा भागच वगळला होता. १९२४ मध्ये मुह्यिद्दीन तत्तावी हे इजिप्शियन डॉक्टर जर्मनीत प्रबंध लिहीत असताना बर्लिनच्या ग्रंथालयात १२४२ च्या त्या भाष्याची हस्तलिखित प्रत त्यांच्या हाती आली. परीक्षकांना अरबी येत नव्हते आणि मजकुरावर विश्वासही बसेना. त्यांनी तो कैरोत राहणाऱ्या जर्मन डॉक्टर मॅक्स मायरहोफ यांच्याकडे पडताळणीसाठी पाठवला. मायरहोफ यांनी मूळ अरबी वाचले आणि ते खरे असल्याचे कळवले.