पाखरांचा हिशेबनीस : डॉ. सालिम अली

गणपतीचे दिवस आले की आमच्या लष्करातला पाऊस ओसरू लागतो. या दिवसांत शहराबाहेर पडले तर नाल्याकाठच्या बाभळींवर सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतात. इकडची मंडळी या पाखराला बया म्हणतात. आमच्या घरांतून मात्र ते अजून सुगरणच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरीत काढूनही जे थोडे शब्द आम्ही सोडले नाहीत, त्यांतला हा एक. बहिणाबाई चौधरींची सुगरणीवरची कविता दौलतगंजातल्या कितीतरी आजींना तोंडपाठ आहे, आणि ती ऐकतच आमच्यातले पुष्कळजण मोठे झाले.

सुगरण हे नाव बाईमाणसाचे. पण खोपा विणतो तो नर. आणि तो विणलेला खोपा पसंत करायचा की नाही, हे ठरवते मादी. ही गोष्ट नीट पाहून, रोजच्या रोज टिपून, १९३० साली ज्यांनी जगापुढे मांडली, त्या डॉ. सालिम अलींची ओळख यंदाच्या स्मरणिकेतून करून द्यावी असे आम्हांला वाटले. त्याला आणखी एक कारण आहे. पुढे याच गृहस्थांनी आपल्या ग्वाल्हेर संस्थानातल्या पक्ष्यांचीही नोंद केली. म्हणजे ते आपल्या अंगणात येऊन गेलेले पाहुणे आहेत.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावजवळच्या खेतवाडीतल्या आपल्या घरी या भावंडांना वाढवले. घरात शिकारीचा शौक होता. छोट्या सालिमच्या हाती छर्‍याची बंदूक आली, आणि एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची घरचिमणी नव्हे, मग कोणती? उत्तर घरात कोणापाशी नव्हते. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितलेच, शिवाय कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. एका इंग्रज गृहस्थाने एका अनोळखी पोराच्या प्रश्नाला मान दिला. त्या पोराचे आयुष्य तिथे वळले.

पण वळण लागले म्हणून वाट सरळ झाली नाही. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजातले शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवहार होता. व्यवहारापेक्षा त्यांचे लक्ष भोवतालच्या रानात अधिक असे. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घेतली. फादर ब्लाटर यांच्या आग्रहामुळे त्याबरोबर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचाही अभ्यास झाला. पुढे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागात पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली, तेव्हा विद्यापीठाची रीतसर पदवी नाही म्हणून ती त्यांना मिळाली नाही. आपल्याकडे आजही मुलाच्या हाती पदवी नसली की घरात काय बोलणी होतात ते आपण जाणतो. ज्यांना भारतीय पक्षीशास्त्राचे पितामह म्हटले जाते, त्यांच्यापाशी ऐन उमेदीत ती नव्हती.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांना महिना ३५० रुपयांवर नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तिथल्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली ते शिकले. एर्न्स्ट मायर आणि बर्नहार्ड रेन्श यांच्याशी त्यांची ओळख तिथेच झाली. पुढे हे दोघे डार्विनचा विचार विसाव्या शतकात नव्याने मांडणाऱ्या शास्त्रज्ञांत गणले गेले.

१९३० मध्ये ते मुंबईस परत आले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. घरात पत्नी तेहमिना, हाताला काम नाही. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून दोघे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. पावसाळा लागला, आणि घराजवळच सुगरणींनी वसाहत मांडली. सालिम अली रोज त्यांच्यासमोर जाऊन बसू लागले.

त्या वेळी अर्धवट राहिलेल्या खोप्यांबद्दल लोक नाना तर्क करीत. नराने स्वतःला बसायला झोपाळा केला, असे कोणी म्हणे. खोप्याच्या आतल्या चिखलाच्या गोळ्यांत काजवे चिकटवून तो दिवा लावतो, अशीही कथा होती. सालिम अलींनी तर्क बाजूला ठेवले आणि हिशेब सुरू केला : कोणता खोपा कधी सुरू झाला, कुठवर आला, कोणती मादी कधी आली, किती अंडी झाली, नर नंतर कुठे गेला. हिशेबनिशी शिकलेल्या माणसाची ही वही होती, फक्त खाती पाखरांची होती.

त्या वहीतून निघाले ते असे. नर गवताचे आणि पात्यांचे धागे काढून खोपा टोपीएवढा, अर्धा विणतो आणि थांबतो. मग पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात, पटले नाही तर निघून जातात. एखादीला पटला की जोडी जमते, आणि मगच नर खाली लांब नळीसारखे दार विणून खोपा पुरा करतो. मादी आत अंडी घालते आणि एकटीच उबवते. इकडे नर दुसरा खोपा मांडून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. ज्याचा खोपा चालला त्याचा एका हंगामात दोन-तीन ठिकाणी संसार, आणि ज्याचा कोणालाच पटला नाही त्याचे अर्धे खोपे तसेच वाळत राहतात. त्या अर्धवट खोप्यांचे कोडे असे सुटले : त्यांतले पुष्कळ नापसंत झालेले होते.

हा निबंध १९३० साली सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याचे मोल समजण्यासाठी थोडे डार्विनकडे वळू. नैसर्गिक निवड म्हणजे बलवानाने दुबळ्याला मारणे, असा समज पुष्कळांचा असतो. खरी गोष्ट साध्या जमाखर्चाची आहे. एकाच जातीची पाखरे तंतोतंत सारखी नसतात. त्यांतल्या काहींची पिल्ले जास्त जगतात, काहींची कमी. जास्त जगलेल्यांचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. जोडीदार निवडताना होणारी निवड हा त्याचाच एक भाग, आणि सुगरणीच्या बाबतीत ती मादीच्या चोचीत आहे. कित्येक पिढ्यांतल्या माद्यांनी वाईट खोपे नाकारले, म्हणून आज आपल्याला ती कारागिरी दिसते. नंतरच्या अभ्यासकांनी यात भर घातली. मादी विणकामापेक्षाही खोप्याच्या जागेला अधिक महत्त्व देते, असे त्यांना आढळले. वाऱ्यापावसात आणि शत्रूपासून पिल्ले वाचतील अशी जागा तिला हवी असते. आपल्याकडच्या सुनाही घर बघताना आधी वस्ती बघतात, तसेच हे.

सालिम अलींनी स्वतःला कधी सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ म्हणवले नाही. पक्ष्यांच्या उपजातींची बारीक नावे पाडत बसण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना पाखरू जिवंत, त्याच्या रानात पाहायचे होते. पण निवड जिथे घडते ती जागा तीच : रान, ऋतू, खाणे, वीण, पिल्ले. ते टिपणारा कोणी नसेल तर सिद्धान्त कशावर उभा राहणार?

नोकरी नव्हतीच. म्हणून त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला : तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो, तंबू आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर झाले, आणि पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळची पाळी आली. आपल्याकडे तेव्हा जिवाजीराव महाराज गादीवर होते. शिवपुरीच्या रानातल्या शिकारींच्या कथा आपण घरोघरी ऐकल्या. त्याच राज्यात बंदूक आणि वही दोन्ही घेऊन हिंडलेल्या या माणसाची कथा मात्र फारशी कोणी सांगितली नाही. बंदूक त्यांच्यापाशी होती, हे लपवायचे कारण नाही. त्या काळी पक्षी हातात घेतल्याशिवाय जात नक्की करता येत नसे, आणि त्यांनी नमुन्यांसाठी पुष्कळ पक्षी मारले. मध्य भारताच्या पक्ष्यांवरचा अहवाल ह्यू व्हिस्लर यांच्याबरोबर १९३९ पासून क्रमाने छापला गेला. आपल्या भागात तेव्हा कोणती पाखरे होती हे आज सांगता येते, ते या कामामुळे.

१९३९ हेच वर्ष त्यांना फार जड गेले. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. मुंबई सोडून किहीमला येणे, रानावनातल्या छावण्या, हे सारे त्यांनी आनंदाने सोसले होते. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहिले आणि कामात बुडाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, आणि सामान्य माणसाला हाती चित्र धरून पाखरू ओळखता येऊ लागले. डिलन रिप्ली यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान मिळत गेले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली.

थोरांच्या चरित्रात चूक सांगू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही तो मोडतो, कारण त्या चुकीतूनच त्यांची पद्धत किती खरी होती ते कळते. आपल्यापासून जवळच असलेल्या भरतपूरचे पाणपक्ष्यांचे रान वाचावे म्हणून सालिम अली अनेक वर्षे झटले. तिथल्या म्हशींची चराई बंद व्हावी, असे त्यांचे आणि सोसायटीचे मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचे प्राण गेले. आणि पुढे सोसायटीच्याच अभ्यासकांनी वर्षानुवर्षे मोजमाप केले, तेव्हा उलटेच दिसले. म्हशी हटल्यावर गवत माजले, उथळ पाणी झाकले गेले आणि पुष्कळ पाणपक्ष्यांना जागा उरेना. किहीमला ज्या माणसाने आधी पाहिले आणि मग सांगितले, त्याने इथे पुरेसे पाहण्याआधी सांगितले होते. गेलेले जीव काही परत आले नाहीत. पण चूक उघडी केली ती त्यांनीच घालून दिलेल्या शिस्तीने : वही ठेवा, मोजा, आणि आकडा आपल्याविरुद्ध गेला तरी छापा.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी दारातली आहे. माळढोक, ज्याला इकडे सोनचिरैया म्हणतात, हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सालिम अलींना वाटत होते. मान मोराला मिळाला. या पक्ष्याची मादी सहसा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मोकळ्या माळावर, माणसांची वर्दळ नसताना, ही रीत हजारो वर्षे निभावली. माळ नांगरले गेले, तारा आल्या, कुत्री वाढली, आणि तीच रीत अंगाशी आली. निवड सावकाश काम करते. ट्रॅक्टर तिच्यासाठी थांबत नाही. ग्वाल्हेरजवळ घाटीगावला आणि शिवपुरी जिल्ह्यात करैऱ्याला १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्ये झाली. करैऱ्यात शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी त्यात आल्या, खरेदी-विक्री अडली, आणि पाखरू लोकांना वैरी वाटू लागले. १९९० च्या दशकात ते तिथून नाहीसे झाले. आज दोन्ही ठिकाणी माळढोक नाही. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत.

जून १९८७ मध्ये नव्वदी ओलांडलेले सालिम अली मुंबईत निवर्तले. लहानपणच्या त्या चिमणीच्या आठवणीवरूनच त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले होते. पोरवयातली पत्रे वाचून उत्तरे देण्याची सवय मात्र त्यांनी शेवटपर्यंत मोडली नाही. पुण्याच्या एका शाळकरी मुलाने वेड्या राघूच्या शेपटीबद्दल त्यांना पत्र लिहिले होते. उत्तर आले, आणि तो मुलगा पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ झाला. मिलार्डनी दिलेले त्यांनी असे फेडले.

दौलतगंजात आता बाभळी नाहीत, पण शहराबाहेर अजून आहेत. विसर्जन आटोपल्यावर एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन तिकडे जावे, बरोबर एक वही न्यावी, आणि पुरे झालेले खोपे किती, अर्धे सोडलेले किती, एवढेच मोजून लिहावे. पुढच्या भाद्रपदात पुन्हा मोजावे. माळढोक आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आमच्यापैकी कोणी त्याची वही ठेवली नव्हती. सुगरणीची तरी ठेवू.