तांब्याचे पॅड आणि लँचेस्टर साहेब

गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेपाचला बॉईज होस्टेलच्या मागून जो कर्कश्श आवाज यायचा तो आमच्या बग्गीचा होता. रेक्टर सरांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांची आधी माफी मागतो.

झालं असं, की ऑफ-रोड बग्गीच्या स्पर्धेत ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. आम्ही दिसायला भारी म्हणून भोकांची डिस्क घेतली आणि पैसे वाचवायला सगळ्यात स्वस्त ऑरगॅनिक पॅड बसवले. चिखलात तीन दिवस प्रॅक्टिस केली. भोकांत माती भरली, तिने पॅड किसून काढले आणि शेवटी पॅडमागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासायला लागली. टेस्टमध्ये मागची दोन चाकं लॉक झालीच नाहीत. आम्ही घरी.

परत आल्यावर लायब्ररीत ब्रेकवरची पुस्तकं चाळताना एका माणसाची ओळख झाली. आमची चूक त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केली होती. खरं तर त्यांची चूक नव्हतीच, त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. आमच्याकडे होता.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनमधला. वडील आर्किटेक्ट. शिक्षण साउदॅम्प्टनला आणि मग लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये. तिथून ते डिग्री न घेताच बाहेर पडले. (ए.टी.के.टी. वाल्यांनी हे वाक्य घरी दाखवायला हरकत नाही.) १८८९ मध्ये, म्हणजे आमच्याच वयात, बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कंपनीत आठवड्याला एक पौंडावर नोकरी मिळाली. करारात एक कलम होतं, की तुम्ही जे काही शोधाल ते कंपनीचं. लँचेस्टर यांनी सही करण्याआधी ते कलम खोडून टाकलं! प्लेसमेंटच्या वेळी आपल्यापैकी किती जणांची अशी छाती होईल?

१८९५-९६ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार बांधली. तेव्हा इंग्लंडमध्ये मोटारीच्या पुढे एक माणूस पायी चालला पाहिजे असा कायदा होता. तो नोव्हेंबर १८९६ मध्ये गेला. इतर लोक घोडागाडीला इंजिन जोडत होते, लँचेस्टर यांनी मोटार म्हणूनच मोटार डिझाइन केली. इंजिन थरथरू नये म्हणून त्यांनी त्यात उलटसुलट फिरणारे दोन क्रँकशाफ्ट घातले. १८९९ मध्ये बर्मिंगहॅममध्ये कंपनी निघाली. आपल्या मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

आता मुद्द्यावर येतो. १९०२ मध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाला जोडलेली धातूची पातळ तबकडी, आणि तिची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे. डिस्क ब्रेक असलेल्या आजच्या कुठल्याही बाइकचं पुढचं चाक बघा, कल्पना तीच आहे. तबकडी उघडी असल्यामुळे वारा लागतो, पाणी उडून जातं, ड्रमसारखं आत साचून राहत नाही.

तबकडी जमली, पण तिच्यावर घासायचं काय? त्या काळात हाताशी होतं तांबं. म्हणून पॅड तांब्याचे. रस्ते म्हणजे धूळ आणि खडी, आजच्या भाषेत सगळं इंग्लंडच ऑफ-रोड. धूळ मध्ये शिरायची, तांबं भराभर झिजायचं, आणि धातूवर धातू घासल्याने भयानक किंचाळी निघायची. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टॉसच्या लायनिंगने तो आवाज कमी केला. (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कॅन्सर होतो हे जगाला फार उशिरा पटलं, तो वेगळा विषय.) तोपर्यंत सगळे ड्रमकडे वळले होते.

म्हणजे डिस्क आणि पॅड ही जोडी आहे. एकटी डिस्क भारी घेऊन काही होत नाही. (मी कॉन्व्हेंटवाला, ‘घर्षण’ हा शब्द इथे येऊन शिकलो, पण घर्षण दोघांमध्ये होतं एवढं आता पक्कं कळलंय.) म्हणून या वेळी आधी पॅड ठरवले. सिंटर्ड, म्हणजे धातूची पावडर दाबून आणि तापवून बनवलेले. ओले झाले तरी पकडतात आणि चिखलात टिकतात. गंमत म्हणजे त्या पावडरीत बऱ्याचदा तांबं असतं! तोटेही आहेत: डिस्क जास्त झिजते, आणि उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते. मग डिस्क ठरवली: थोडी जाड, बिनभोकांची आणि व्यासाने मोठी. आम्ही टायर मोठे केले होते. टायरची त्रिज्या वाढली की त्याच टॉर्कला जमिनीवर मिळणारा रोध कमी होतो, हे फर्स्ट इयरचं गणित आम्ही विसरलो होतो.

लँचेस्टर यांचं पुढचं आयुष्य वाचताना वाईट वाटतं. १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, कारण पैसा कमी आणि ऑर्डरी जास्त. विमान हवेत कसं तरंगतं यावरचा त्यांचा पेपर १८९७ मध्ये नाकारला गेला. त्यांनी चिकाटीने १९०७ आणि १९०८ मध्ये त्यावर दोन जाड पुस्तकं काढली. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्धात सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते हा त्यांचा नियम ऑपरेशन्स रिसर्चवाले आजही शिकवतात. चार सिलिंडरच्या इंजिनातले बॅलन्स शाफ्ट, तेही त्यांचेच. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीच्या चिलखती गाड्या रशियापर्यंत जाऊन वाईट रस्त्यांवर चालल्या. पैसा मात्र कधी टिकला नाही. म्हातारपणी पार्किन्सन्सने हात थरथरायला लागले, दृष्टी गेली, पैशाची ओढाताण झाली. ज्या माणसाने इंजिनांची थरथर घालवली त्याचे हात थरथरावेत! ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅमच्या घरी ते गेले.

सात वर्षांनी, १९५३ मध्ये, ले मान्सची चोवीस तासांची रेस जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकवर जिंकली. ड्रमवाले वळणाच्या खूप आधी ब्रेक दाबायचे, जॅग्वार थेट वळणापर्यंत पळायची. तेव्हा पॅडचं मटेरियल तयार होतं.

आमचे नवे पॅड आलेत, बसवलेत. बेडिंग बाकी आहे, म्हणजे वेग पकडायचा, हळू करायचं, पुन्हा पकडायचा, असं वीस-पंचवीस वेळा, मध्ये थंड होऊ द्यायचं. सिंटर्ड पॅड थोडे ओरडतात. पण या वेळी सकाळी आठनंतर करू, रेक्टर सरांना शब्द दिलाय.