खान बहादूर काझी अझीझुल हक

गावाकडे वडीलधारी माणसे मुलाच्या बोटांवरची चक्रे मोजून त्याचे नशीब सांगतात. काझी अझीझुल हक यांनी हीच चक्रे गणितासाठी मोजली.

त्यांचा जन्म १८७२ साली खुलना जिल्ह्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. पोरका मुलगा घर सोडून कलकत्त्यास आला, एका कुटुंबाने त्याला आसरा दिला आणि तो प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचला. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांना आकडेमोडीत तरबेज विद्यार्थी हवा होता. प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचविले व ते पोलीस खात्यात रुजू झाले.

बोटांचे ठसे घेणे सोपे होते. पण हजारो कागदांच्या ढिगातून नेमका एक कागद काढायचा कसा? हक यांनी काढलेली युक्ती विद्यार्थ्यांनी वहीवर जरूर करून पाहावी. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. बोटावर चक्र असेल तर पहिल्या जोडीत १६ गुण, पुढे ८, ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली मांडून दोन्ही बेरजांत १ मिळवायचा. अपूर्णांक १/१ पासून ३२/३२ पर्यंत कोणताही येईल. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ खण! अपूर्णांक कळला की खण कळला.

या पायावर १८९७ साली कलकत्त्यात जगातील पहिली ठसे कचेरी निघाली. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांची माहिती तारेने पाठविण्याची सांकेतिक लिपी तयार केली. जलपायगुडीच्या चहामळ्यातील व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा पंचांगावरील रक्ताळलेल्या अंगठ्याच्या ठशावरून जुना गुन्हेगार सापडला. न्यायालयाने मात्र त्याला चोरीचीच शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून तो सुटला.

१९०० साली हेन्री यांचे पुस्तक निघाले, १९०१ साली स्कॉटलंड यार्डने ही पद्धत उचलली आणि ती हेन्री पद्धत म्हणूनच जगभर गेली. गणित करणारा फौजदार मागे राहिला. खान साहेब, खान बहादूर हे किताब आणि पाच हजार रुपये त्यांना मिळाले, पण पद्धतीला त्यांचे नाव लागले नाही. निवृत्तीनंतर १९२६ साली हेन्रींनीच सरकारला कळविले की, हे वर्गीकरण पूर्णत्वास नेण्यात कचेरीतील इतर कोणाहीपेक्षा हक यांचा वाटा मोठा होता. कबुली खरी, पण फार उशिरा आली.

१९३५ साली बिहारातील मोतीहारी येथे हक यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने पुढे हक व बोस या दोघांच्या नावे संशोधनाचे पारितोषिक ठेवले.