टुसिटाला

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी १८५० साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा जन्म झाला. दीपगृहे बांधण्याची विद्या त्याच्या घराण्यात पिढीजात होती; परंतु लुईची प्रकृती बालपणापासून नाजूक होती, आणि मन गोष्टींत रमणारे. त्याने लेखणी हाती धरली. १८८३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीने त्याला कीर्ती मिळवून दिली. आरोग्य मात्र लाभले नाही. छातीच्या विकाराने तो वारंवार अंथरुणास खिळे.

उबदार हवेच्या शोधात १८८८ साली तो सहकुटुंब सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या जहाजाने पॅसिफिक महासागरात निघाला. ताहिती, हवाई इत्यादी बेटे पाहून १८८९ च्या डिसेंबरात तो सामोआतील उपोलू बेटावर उतरला. तेथील हवा त्याला मानवली. आपिया गावानजीक वाइलिमा येथे त्याने घर बांधले. लोक त्याला प्रेमाने टुसिटाला, म्हणजे कथाकार, म्हणू लागले.

त्या काळी जर्मनी, ब्रिटन व अमेरिका यांच्या स्पर्धेत सामोआची प्रजा भरडली जात होती. परदेशी पाहुण्याने स्वस्थ बसावे, हेच सोयीचे होते. तथापि स्टीव्हन्सनने तेथील कारभारातील अन्याय लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून निर्भयपणे मांडला. हद्दपारीचे सावट आले, तरी तो डगमगला नाही. १८९३ साली माताआफा या नेत्याचा पराभव होऊन त्याच्या पक्षाचे अनेक सरदार कैदेत पडले. स्टीव्हन्सनने तुरुंगात जाऊन त्यांची विचारपूस केली व त्यांना अन्न पुरविले.

१८९४ साली सुटका होताच ते सरदार वाइलिमास आले. टुसिटालाच्या घराकडे जाणारी वाट बिकट होती. त्या मानी पुरुषांनी स्वतः श्रम करून, मोबदला न घेता, तेथे रस्ता बांधला आणि त्यास प्रेमळ हृदयांचा मार्ग असे नाव दिले.

त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी, अवघ्या ४४ व्या वर्षी, स्टीव्हन्सनचे निधन झाले. वाएआ पर्वताच्या माथ्यावर आपणांस विश्रांती मिळावी, अशी त्याची इच्छा होती. परंतु वर जाण्यास वाटच नव्हती. सामोअन लोकांनी घनदाट रान तोडून वाट काढली आणि त्याची शवपेटी खांद्यांवरून माथ्यावर नेली.

१९६२ साली सामोआ स्वतंत्र झाला. स्टीव्हन्सनचे घर आता संग्रहालय आहे. त्या दूरच्या बेटावर त्याला आयुष्याची जेमतेम पाच वर्षे लाभली. पण संकटात पाठीशी उभ्या राहिलेल्या या परदेशी माणसाला सामोआने आपलाच मानले.